मऊ तळ, खडतर भरती

रस्त्यावरच्या शर्यतीतल्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरहून जाड नको, असा नियम जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० साली केला. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आष्टी-आलापल्ली रस्त्यावर पाडतात त्या खड्ड्यांच्या खोलीला मात्र नियम नाही. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पोरं पहाटे त्याच रस्त्याच्या कडेला मुरूम उडवत धावतात. बुटाचा फोम दबलेला, अंगठ्याशी भोक. नडगी दुखली की दुकानदार आणखी जाड तळ दाखवतो. गंमत म्हणजे जाड मऊ तळावर पाय ताठ पडून धक्का उलट वाढल्याचंही संशोधकांना दिसलंय. नडगीला हवी असते हळूहळू वाढणारी धाव. पण भरतीची जाहिरात तेवढी हळूहळू निघते. मैदानी चाचणीची तारीख एकदम!