पोटरीतज्ज्ञ

डॉक्टर नसताना दुसऱ्याच्या दुखण्यावर अधिकारवाणीनं बोलणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. पण डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो ते फ्रिस्को या पट्ट्यात, अशा माणसांचा जो एक खास वाण पिकतो तो दुसरीकडे सापडायचा नाही. हा गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. आयटीत असतो. सांगली, नाशिक किंवा डोंबिवलीहून पुणेमार्गे आलेला असतो. बास्केटबॉल त्यानं शाळेत पीटीच्या तासाला खेळलेला असतो, आणि तेव्हाही चेंडू त्याच्याकडे यायचा तो चुकूनच. डॅलस मॅव्हरिक्स म्हणजे मात्र त्याचा जीव की प्राण. आणि मानवी देहाचा एकच भाग त्याला बारकाईनं ठाऊक असतो: लूका डॉन्चिचची डावी पोटरी.

याला मी पोटरीतज्ज्ञ म्हणतो. त्याच्या बायकोचा शब्द वेगळा आहे, तो छापण्याजोगा नाही.

माझ्या परिचयाचा जो नमुना आहे, त्याचं प्राथमिक शिक्षण महाराष्ट्रातच झालं. २००४ साली सचिनला टेनिस एल्बो झाला तेव्हा सबंध राज्यच कोपराच्या शास्त्रात पारंगत झालं होतं. सचिनची बॅट जड आहे, हे यानं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे लंडनला शस्त्रक्रिया झाली ती केवळ औपचारिकता. डॅलसला आल्यावर कोपर सुटलं आणि पोटरी लागली. पुण्यातला धाकटा भाऊ अजून क्रिकेटमध्येच आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात वर्कलोडच्या नावाखाली बुमरा पाचांपैकी तीनच कसोट्या खेळला, आणि आपण जिंकलेल्या दोन्ही कसोट्यांत तो नव्हता, यावर दोघा भावांचं शनिवारी सकाळी दीड तास बोलणं झालं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय शेवटच्या दोन मिनिटांत उरकला.

लूकाची पोटरी दुखावली ती २०२४ च्या नाताळच्या दिवशी, मिनेसोटाविरुद्ध. सुट्टी असल्यामुळे पोटरीतज्ज्ञाला त्या पोटरीकडे पूर्ण लक्ष देता आलं. जानेवारीचा महिना त्यानं फोनवर इंज्युरी रिपोर्ट बघण्यात घालवला. आणि मग १ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी रात्री उशिरा, घरी निजानीज झालेली असताना, फोन वाजायला लागला तो थांबेचना. भारतात सकाळ झालेली असते, त्यामुळे अशा वेळी बायकांच्या मनात नको ते येतं. ती दचकून उठली. "काय झालं हो? कोण गेलं?"

"लूका गेला," अंधारातून आवाज आला.

"अगं बाई! पोटरीनं?"

गेला होता तो लॉस एंजेलिसला. लेकर्सना. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक, अवघा एक, फर्स्ट राउंड पिक. आठच महिन्यांपूर्वी संघाला फायनलपर्यंत नेणारा पंचवीस वर्षांचा पोरगा असा रातोरात कुणी काढून देतं का? दुसऱ्या दिवशी अमेरिकन एअरलाइन्स सेंटरबाहेर लोकांनी फुलं वाहिली, कुणी चक्क शवपेटी आणली. आमचा गृहस्थही डार्टच्या गाडीनं व्हिक्टरी स्टेशनला उतरून शोक करून आला. पार्किंगचे पैसे वाचले, हे समाधान त्यानं शोकातही लपवलं नाही.

जनरल मॅनेजर निको हॅरिसननं कारण दिलं बचावाचं: चॅम्पियनशिप बचावावर जिंकतात म्हणे. पण मागून कुजबुज होती ती लूकाच्या वजनाची, तंदुरुस्तीची. इथे पोटरीतज्ज्ञ खवळला. वास्तविक तीन वर्षं हाच टीव्हीकडे बोट दाखवून म्हणत होता, "अरे, पोट बघ याचं! दहा किलो उतरवले तर काय करील हा!" पण आपल्या पोराला आपण बोलायचं. शेजारच्यानं तेच म्हटलं की भांडण.

"पोटरी ही साधी गोष्ट नाही," हे त्याचं सलामीचं वाक्य. त्यापुढे दाखले येतात. २०१९ च्या फायनलला केव्हिन ड्युरँट महिनाभराच्या दुखऱ्या पोटरीनंतर पाचव्या सामन्यात उतरला आणि टाचेवरचा अकिलीस तुटला. २०२५ च्या फायनलला इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन दुखरी पोटरी घेऊन खेळत राहिला आणि सातव्या सामन्यात त्याचाही अकिलीस गेला. हे सांगताना तो स्वतःची पँट गुडघ्यापर्यंत वर घेतो, पाय टीपॉयवर ठेवतो आणि पोटरीपासून टाचेपर्यंत दोन बोटांनी रेघ ओढतो. "हा ताण इथला, पण फुटतो इथं." हे प्रात्यक्षिक एकदा त्यानं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे केलं. त्यात एक खऱ्याखुऱ्या फिजिओथेरपिस्ट होत्या. वाण हातात धरून त्या म्हणाल्या, "साधारण बरोबर आहे." तेव्हापासून त्यांचं हे मत तो सगळ्यांना सांगतो, फक्त 'साधारण' गाळून.

मग याचं म्हणणं तरी काय? तर खेळाडूनं शरीर जपावं. आणि एकही सामना चुकवू नये. ही दोन्ही मतं तो एकाच दमात मांडतो. क्लिपर्सच्या सामन्याची चौघांची तिकिटं काढलेली, वर पार्किंग, वर सोन्याच्या भावानं पाण्याच्या बाटल्या, आणि दुपारी इंज्युरी रिपोर्टात कवाय लेनर्डच्या नावापुढे 'आउट'! त्या संध्याकाळी हा लोड मॅनेजमेंटवर जे बोलला ते ऐकून मुलांना वाटलं, कवाय आपल्या नात्यातला असून त्यानं काही रक्कम बुडवली आहे. "कसलं लोड? आमचे आजोबा रोज दहा मैल चालत..." आणि पुढच्याच आठवड्यात मॅव्हरिक्सचे लागोपाठ दोन रात्री सामने आले, तर हाच: "यांना माणसाची काही किंमत आहे का? मशीन समजतात मशीन!"

ही विश्रांतीची थेरं निघाली ती आपल्याच टेक्सासातून, हे त्याला फार लागतं. सॅन अँटोनिओचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मार्च २०१२ मध्ये टिम डंकनला बसवलं आणि अधिकृत स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण छापून आलं: 'ओल्ड'. म्हातारा! त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी डंकन, पार्कर आणि जिनोबिली यांना मायामीच्या सामन्याआधीच विमानानं घरी पाठवून दिलं, तेव्हा लीगनं संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. २०२३-२४ पासून तर नियमच आला की एमव्हीपीसारखे मानाचे पुरस्कार हवे असतील तर निदान ६५ सामने खेळा. हा सगळा इतिहास त्यानं बायकोला इतक्या वेळा ऐकवला की तिनं त्याचा उपयोग सुरू केला. मंडळाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं की ती फोनवर गंभीरपणे सांगते, "मी आणि मुलं नक्की. हे क्वेश्चनेबल आहेत." वास्तुशांत लांब फोर्ट वर्थला असेल तर "डाउटफुल". आणि चुलत सासऱ्यांच्या सत्यनारायणाला तिनं सरळ सांगून टाकलं, "ते नाही येणार. कारण? ओल्ड."

पोटरीतज्ज्ञ एकटा शोभत नाही, त्याला प्रतिपक्ष लागतो. दर पॉटलकला दोघं ठरलेले. एक ८२वाला. याचं घड्याळ शिकागोत थांबलेलं. "जॉर्डन! पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव, तीन सीझन, ८२ पैकी ८२. पुढे बोल." मग ए. सी. ग्रीन. सलग ११९२ सामने, आणि सलग सामन्यांचा जुना विक्रम त्यानं मोडला तो नोव्हेंबर १९९७ मध्ये, डॅलसच्याच जर्सीत. पोटरीतज्ज्ञ म्हणतो, तेव्हाचा खेळ बास्केटखाली गर्दी करून चालायचा. आता तीन पॉइंटच्या रेघेबाहेर धावत जा, थांब, वळ, पुन्हा धाव, हे सगळं पोटरीवर. हा मुद्दा खरं तर चांगला आहे. पण तो मांडताना हातातल्या वाटीतला मिसळीचा कट दुसऱ्याच्या गालिच्यावर सांडतो आणि मुद्दा मागे पडतो.

दुसरा प्रतिस्पर्धी हिशेबी. हा सामने फारसे बघत नाही, सॅलरी कॅप बघतो. आवाज कधी चढवत नाही, म्हणून जास्त लागतो. "पाच वर्षं, साडेचौतीस कोटी डॉलर. लूकाला तेवढे द्यावे लागले असते. त्या पोटरीवर तू लावले असतेस?"

"लावले असते!" घराचे हप्ते अजून फिटायचे असलेला आमचा गृहस्थ गरजतो.

यानंतर तो कायरी अर्विंगवर येतो, आणि इथं मात्र त्याची चेष्टा करवत नाही. डेव्हिसनं डॅलसमधल्या पहिल्याच सामन्यात २६ गुण आणि १६ रिबाउंड केले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये जांघ धरून तो आत गेला, तो सहा आठवड्यांनी परतला. लूका नाही, डेव्हिस नाही. सगळा भार कायरीवर. ३ मार्चला सॅक्रामेंटोविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. लिगामेंट तुटलेलं, डोळ्यांत पाणी, तशा अवस्थेत त्यानं रेघेवर उभं राहून दोन्ही फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत, आणि मग तो बाहेर गेला. पोटरीतज्ज्ञ हे सांगतो तेव्हा पोटरी दाखवत नाही. ८२वालाही तेवढा वेळ जॉर्डनला बाजूला ठेवतो. हिशेबी चष्मा पुसतो. त्या महिन्यात संघाला सामन्यापुरते आठ खेळाडू उभे करताना नाकी नऊ आले होते.

शेवटी गाडी निष्ठेवर येते. त्या विषयावर याचं दैवत डर्क नोवित्स्की. जर्मनीहून आला, एकवीस सीझन एकट्या डॅलसला दिले, २०११ ची चॅम्पियनशिप आणली. आता स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर निष्ठेचंच वचन कोरलेलं आहे. "एकवीस वर्षं एका जागी! आजकाल दाखव कुणी. सगळे पैशाच्या मागे. आज इथे, उद्या..." फोन वाजतो. नंबर कॅलिफोर्नियाचा. "एक मिनिट हं," म्हणून तो पॅटिओवर जातो आणि काचेचं दार ओढून घेतो. पण दार ओढलं तरी आवाज टेक्सासला आलेल्या मराठी माणसाचा, तो दाबला जात नाही. "येस येस, टू वीक्स नोटीस... नो, रिलोकेशन इज नॉट अ प्रॉब्लेम..." त्याच्या गॅरेजच्या फळीवर आजवरच्या कंपन्यांनी दिलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर वेगळा लोगो, आणि फळी भरत आली आहे. पाच मिनिटांनी आत येऊन तो भजी उचलतो. "हां, तर काय म्हणत होतो मी? निष्ठा."

घरातच त्याला धक्का बसला तो मुलाकडून. चौदा वर्षांचा, जन्म प्लेनोचा. त्याच्या खोलीत निळी ७७ नंबरची जर्सी टांगलेली असायची. एप्रिलमध्ये तिथे पिवळी ७७ आली. बाप दारातच थबकला. "अरे, ही लेकर्सची! लाज नाही वाटत? टीम सोडलीस?"

"बाबा, मी कुठे कुणाला ट्रेड केलं?" पोरगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

९ एप्रिलला लूका पाहुणा म्हणून डॅलसला आला. त्याच्यावरची चित्रफीत लागल्यावर भर मैदानात रडला आणि डोळे पुसून त्यानं आपल्याच जुन्या संघावर ४५ गुण चढवले. मॅव्हरिक्स हरत होते आणि पोटरीतज्ज्ञ सोफ्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मधेच भानावर येऊन खाली बसायचा, पुन्हा उठायचा. "डावा पाय बघ," तो मुलाला म्हणाला, "टाकतोय नीट. पोटरी सुटली त्याची." बाप-लेकांचा समेट त्या पोटरीवर झाला.

पुढचं नवल सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात ड्राफ्टच्या लॉटरीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर डॅलसला लागला आणि मेन राज्यातला अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग हाती आला. पोटरीतज्ज्ञ फ्रिस्कोच्या हनुमान मंदिरात जाऊन नारळ ठेवून आला, आणि ११ नोव्हेंबरला निको हॅरिसनला नारळ मिळाला तेव्हा त्यानं ऑफिसात पेढे वाटले. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, मुलगा झाला.

आता एक्सेलमध्ये फ्लॅगच्या मिनिटांचा तक्ता आहे. परवा त्यावरून पुन्हा तिघांची जुंपली. ८२वाला म्हणाला, एवढ्या तरण्या पोराला कसली आलीय विश्रांती, खेळू दे रोज. पोटरीतज्ज्ञ पँट वर घ्यायला वाकला. हिशेबी शांतपणे म्हणाला, "भाव आहे तोवर त्यालाही ट्रेड करावं. मागचा धडा तोच सांगतो."

स्वयंपाकघरातून पळी ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. वहिनी बाहेर आल्या, हात पदराला पुसत. आजवर त्यांनी या खेळाला 'तो तुमचा चेंडू' याखेरीज नावानं कधी पुकारलं नव्हतं.

"कूपरला कुणी हात लावायचा नाही," त्या हिशेब्याला म्हणाल्या. "आणि काल रात्री खेळला, आज परत खेळवतायत! लागोपाठ! त्या कोचला मुलंबाळं आहेत की नाही? कालच चौथ्या क्वार्टरला उजवा पाय जरा ओढत होता. कुणी बघितलंत का तिघांपैकी?"

कुणीच बघितलं नव्हतं. पोटरीतज्ज्ञानं पँट हळूच खाली सोडली, सोफ्यावर सरकून बायकोला जागा करून दिली आणि रिमोट तिच्या हातात देत विचारलं, "उजवा? कुठल्या मिनिटाला गं?"