प्लॉट घेतला काय जी?

चंद्रपुरात ओळखीची दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला जमीन निघते. पहिलं वाक्य उन्हाचं, दुसरं पोराच्या नोकरीचं आणि तिसरं, "मंग, प्लॉट घेतला काय जी?" घेतला म्हटलं की पुढची चौकशी ठरलेली: कोनत्या लेआउटमंदी, रोड किती फुटाचा, एनए झाला का, सातबाऱ्यावर कोन हाये. नाही घेतला म्हटलं तर समोरचा दोन क्षण गप्प राहतो. मग हळू आवाजात म्हणतो, "माह्या पाहन्यात एक हाये."

प्लॉट हा शब्द इंग्रजी आहे याची इथे कोणाला आठवणही राहिलेली नाही. बांध, धुरा, पांदण, सातबारा यांच्या भावकीत तो कधीच बसून गेला. इंग्रजीत मात्र त्याची ख्याती वेगळीच आहे. तिथे प्लॉट म्हणजे कारस्थानसुद्धा. जमिनीचा तुकडा आणि कट हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे काय नांदतात, हा प्रश्न ज्याने आयुष्यात कधी प्लॉट घेतला नाही त्यालाच पडू शकतो.

मला पडला. म्हणून शोधलं. जुन्या इंग्रजीत प्लॉट म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, एवढंच. त्याच्या मागे तो कुठून आला हे तिकडच्या पंडितांनाही नक्की सांगता येत नाही. म्हणजे शब्दाचेच जुने फेरफार सापडत नाहीत. सोळाव्या शतकात तुकड्यावरून त्याच्या नकाशाला प्लॉट म्हणू लागले. नकाशा आला की कुठे काय करायचं याचा बेत आला. बेत चारचौघांत सांगितला तर ती योजना. दार लावून केला तर पुढचं काही बोलायलाच नको. त्यात शेजारी फ्रेंचांकडे 'कोंप्लो' नावाचा शब्द होता, तो आधीपासूनच कटाच्या धंद्यातला. त्याच्या संगतीने त्या शतकाच्या अखेरीस आपला साधाभोळा प्लॉट बिघडला. सतराव्या शतकात नाटकवाल्यांनी त्याला उचललं आणि गोष्टीच्या रचनेलाही तेच नाव दिलं. तरीही मूळची जमीन त्याने सोडली नाही. वडिलोपार्जित आहे, सोडेल कशी?

इंग्रजांचा सगळ्यात नामांकित प्लॉट म्हणजे १६०५ चा दारूगोळ्याचा कट. लंडनच्या पार्लमेंटला राजासकट उडवायचं ठरलं होतं. गाय फॉक्सचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्यातला टॉमस पर्सी हा गडी जवळचा वाटतो, कारण त्याने आधी जागा भाड्याने घेतली. पार्लमेंटला लागून घर, मग थेट सभागृहाच्या खालचं तळघर. तिथे दारूची छत्तीस पिंपं रचली आणि वरून लाकूडफाटा टाकला. भाडं कबूल करून, ताबा घेऊन केलेलं रीतसर कारस्थान! शेवटी एका निनावी चिठ्ठीने घात केला आणि ५ नोव्हेंबरच्या ठरल्या मुहूर्ताच्या आत सगळं उघडकीला आलं. निनावी अर्जाची ताकद आपल्याकडच्या कुठल्याही तहसील कचेरीला समजावून सांगावी लागणार नाही.

मराठीत कटाचं आणि जमिनीचं असं नातं नाही. आपला कट शिजतो. डाव रचला जातो, जाळं विणलं जातं, खलबत चालतं. सगळी घरात बसून करायची कामं. कोल्हापूरकडे मिसळीवरच्या लाल तवंगालाही कट म्हणतात. आमच्याकडे ती तर्री, त्यामुळे इथे कट शिजला तरी पोह्यांवर कोणी वाढून घेत नाही.

आता चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, गंमत अशी की हे शहर वसलं तेच मुळी नकाशावाल्या अर्थाने. दंतकथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह, अंगभर गळवं. झरपट नदीच्या पाण्याने तो बरा झाला. पुढे शिकारीला निघाला असता त्याने पाहिलं की एक ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. नीट वाचा, कुत्रा सशाच्या मागे नव्हे. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. दोघे वेडेवाकडे पळत मोठा फेरा मारून आले. राजाने घरी येऊन राणीला सांगितलं. आमच्या घरी असं काही सांगितलं असतं तर "ऊन लागलं, कांदा ठेवा खिशात" एवढंच ऐकायला मिळालं असतं. राणी म्हणाली, शुभ शकुन आहे, ज्या वाटेने ते धावले त्या वाटेवर कोट बांधा.

बांधला. पुरा व्हायला पिढ्या गेल्या, पण जवळजवळ अकरा किलोमीटरचा कोट उभा राहिला. सशाने आखून दिलेला लेआउट! आजच्या कुठल्याही नगररचनाकाराने एवढ्या कमी खर्चात मोजणी करून दाखवावी. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. पाच खिडक्या: विठोबा, हनुमान, मसण, बगड आणि चोर. शेवटचं नाव मला फार आवडतं. देवांना दोन, मेलेल्याला एक आणि चोराला एक, अशी रीतसर सोय ठेवणाऱ्या राजांना राज्य कशाला म्हणतात ते नीट कळलं होतं. इतर ठिकाणी चोर खिडक्या नसतात असं नाही, त्यांना नावं नसतात इतकंच. मधल्या काळात कोटावर झाडंझुडपं माजली, लोकांची घरं भिंतीला टेकली. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी टिकाव-फावडी घेऊन तो साफ करायला घेतला, तेव्हा कित्येकांना कळलं की आपल्या प्लॉटची एक हद्द सशाने धावून दिलेली आहे.

एवढा कोट, पण १७५१ मध्ये तो भिंत फोडून पडला नाही. राजा नीळकंठशाहाने बापाचा विश्वासू दिवाण महादजी वैद्य याला मारलं, रयतेला जाच केला, आणि नागपूरकर रघूजी भोसल्याची फौज आली तेव्हा आतल्याच माणसांनी वाट करून दिली. कोणत्या दाराने की खिडकीने, यावर चहाच्या टपरीवर अजून वाद घालता येतो. पुढे १७६९ मध्ये पेशवे माधवराव चांद्याला वेढा घालून बसले, तर जानोजी भोसले त्यांना चुकवून निघाला थेट पुण्याच्या दिशेने! तुम्ही माझ्या प्लॉटवर बसा, मी तुमच्या प्लॉटवर जातो. पुणेकरांनी सामान बांधायला घेतलं, पेशव्यांना वेढा सोडून मागे फिरावं लागलं. मार्चमध्ये कनकापूरला तह झाला. लढाईपेक्षा ताबा महत्त्वाचा हे आमच्या भागाला तेव्हापासून माहीत आहे.

जंगलात गेलं की हाच शब्द खाकी घालतो. दर चार वर्षांनी वाघांची देशव्यापी मोजणी होते, तेव्हा ताडोब्यातला वनरक्षक दोन किलोमीटरची सरळ रेघ चालतो आणि दर चारशे मीटरवर थांबून प्लॉट घेतो. झाडं कोणती, झुडपं किती, गवत आहे की नाही. शिवाय एक लांबट पट्टा धरून त्यात चितळाच्या, सांबराच्या लेंड्या मोजायच्या. एका वनरक्षकाच्या बायकोने शेजारणीला सांगितलं होतं, आमच्या ह्यांचे जंगलात लय प्लॉट हायेत. शेजारीण त्यानंतर बरेच दिवस फार गोड बोलायची.

प्लॉटचा वरचा कागद कितीही स्वच्छ असला तरी खाली काय आहे हे इथे कोणी छातीठोकपणे सांगू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भुयारी कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली. तेवढ्यापुरतं मला हसू येत नाही. टॉमस पर्सीला निदान तळघर आहे हे माहीत होतं.

कथानकाच्या अर्थाने प्लॉट पाहायचा असेल तर चंद्रपूर सोडून पूर्वेला झाडीपट्टीत जावं लागतं. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये नुसती गोष्ट आणि प्लॉट यांतला फरक सांगताना एका राजा-राणीचं मरण उदाहरणाला घेतलं. राणी राजाच्या दुःखाने गेली तर तो प्लॉट. चांद्याच्या राणी हिराईने त्यांची पंचाईत केली असती. राजा बीरशाह मारला गेला. राणी दुःखाने मेली नाही. तिने नवऱ्याची देखणी समाधी बांधली, चंदनखेड्याचा रामशाह दत्तक घेतला आणि कारभार हाती घेतला. फॉर्स्टरसाहेबांच्या हिशेबात हे कुठे बसतं कोण जाणे. झाडीपट्टीच्या नाटकात मात्र चपखल बसलं असतं.

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याचा धानाचा पट्टा. धान निघालं की मोकळ्या बांधीत मंडप पडतो. दिवाळीपासून होळीपर्यंत देसाईगंज म्हणजे आमच्या वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असो की मंडईची जत्रा, रात्री नाटक पाहिजेच. घराघरांत पाहुणे येतात, पोरींची स्थळं ठरतात, आणि रात्री जेवणं आटोपून चादर-घोंगडी घेऊन सगळं गाव मंडपात. नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. याच रंगभूमीवर लोकांना वर्षानुवर्षं हसवणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला कळलं की विदर्भात असं काही चालतं. वडशाला कोणी आश्चर्य वाटून घेतलं नाही. उशीर झाला एवढंच म्हणाले.

आणि या नाटकात खलनायकाला हवं काय असतं? सिंहासन नाही, खजिना नाही. शेत हवं असतं. पाटील असो, सावकार असो की शहरातून आलेला गॉगलवाला, त्याचा डोळा गरीब बापाच्या तीन एकरांवर असतो. त्यासाठी तो दारू पाजतो, खोटी नोट लिहून घेतो, भावाभावांत काडी लावतो, पोरीवर आळ घेतो. म्हणजे इंग्रजीतला प्लॉट कित्येक शतकं फिरून ज्या चार अर्थांना पोचला, ते इथे एकाच रात्री, एकाच मंचावर, पेटीच्या सुरात सापडतात.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती जागा येते. मंचावर बाप, समोर स्टॅम्प पेपर, हातात निळ्या शाईची डबी. खलनायक मिशीला पीळ देतो. प्रकाश लाल होतो. समोर बसलेल्या एका आजीला राहवत नाही. ती घोंगडी झटकून उभी राहते आणि मंचाकडे हात करून ओरडते, "अरे बुढ्या, नोको लावू अंगठा! वाचून त घे!" मंडप हसतो, मागून कोणीतरी "बस वो माय" म्हणतं. बाप काम करणारा नट वडशाचा जुना, कसलेला. तो क्षणभर थांबतो, आजीकडे पाहतो, कागदाकडे पाहतो. मनात त्याच्याही तेच असणार. पण वाजलेत जेमतेम बारा, अजून दोन अंक आणि पाच गाणी शिल्लक आहेत, आणि गावाने पैसे पहाटेपर्यंतचे दिले आहेत. तो अंगठा लावतो.