लागेल कधीतरी!

माणसाचा खरा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याच्याशी एक डिस्क वाटून घ्यावी. घरी अत्यंत टापटीप असणारी माणसं सर्व्हरवर काय काय साठवून ठेवतात, हे मी रोज बघतो.

आमची कंपनी पुण्यात, तिचा बिल्ड सर्व्हर कुठल्याशा डेटा सेंटरात आणि त्याची झाडलोट करणारा मी अहिल्यानगरला, सावेडीत. सगळ्यांनी लिहिलेला कोड जिथे एकत्र येतो, त्याचं सॉफ्टवेअर बनतं आणि चाचण्या होतात, ते मशीन म्हणजे बिल्ड सर्व्हर. हे आईला समजावून सांगितलं, तर म्हणाली, "मग तू काय करतोस?" म्हटलं, "त्याच्यावरचा कचरा काढतो." "अगं बाई! आणि त्याचे एवढे पैसे देतात?"

देतात, कारण हा कचरा साधा नाही. एका बिल्डमागे एक वर्कस्पेस, एक लॉग आणि एक तयार फाइल उरते, आणि असे बिल्ड दिवसभर चालूच असतात. मेव्हन हे बिल्डचं साधन इंटरनेटवरून आणलेली प्रत्येक लायब्ररी जपून ठेवतं. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी टाकत नाही. सॉफ्टवेअर इमेजच्या रूपात बांधून ठेवणाऱ्या डॉकरमध्ये नव्या इमेजने नाव घेतलं की जुनी निनावी होते आणि तिथेच पडून राहते. मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की हे बिल्ड चालवणारा जेनकिन्स, मूळ सेटिंग कुणी बदललं नसेल तर, त्या मशीनला परस्पर सुट्टी देऊन टाकतो. मग ग्रुपवर मेसेजांचा पाऊस. "सर्व्हर डाउन आहे का?" "बिल्ड अडकलाय." "आज रिलीज आहे हो!" रिलीज आजच असतं. डिस्क मोकळ्या दिवशी भरल्याचं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे जागा असूनही जागा नसते. डिस्कवर भरपूर जीबी मोकळे दिसतात आणि मशीन सांगतं, जागा संपली. कारण लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये जास्तीत जास्त किती फाइली मावणार, तो आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो. जावास्क्रिप्टवाल्यांचा नोड-मॉड्यूल्स नावाचा फोल्डर बारीकसारीक फाइलींची अशी काही जत्रा भरवतो की जीबी शिल्लक राहतात आणि आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपतात.

परवा टीममधल्या पोराचा फोन आला. "दादा, ४० जीबीचा लॉग उडवला, तरी डीएफ कमांडमध्ये मोकळ्या जागेचा आकडा हलेना."

"तो लॉग लिहिणारा प्रोसेस चालू आहे का?"

"आहे की."

"मग सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून ताबा सुटतो का रे?"

पोरगा पारनेरचा. पुढे काही समजवावं लागलं नाही. नाव फोल्डरमधून गेलं, तरी फाइल उघडून बसलेला प्रोसेस उठत नाही तोवर जागा सुटत नाही. त्याने प्रोसेस रीस्टार्ट केला आणि ४० जीबी मोकळे झाले.

पण प्रोसेस उठवता येतो, माणसं उठत नाहीत. एका ज्येष्ठ सरांच्या नावाने ‘बॅकअप_फायनल_नवा_खरा’ असा फोल्डर होता. विचारलं, "सर, २०१९ चा आहे. काढू?"

"नको, नको. लागेल कधीतरी."

"आत काय आहे?"

"ते बघावं लागेल."

बघायला वेळ नसतो, काढायला हिंमत नसते. टेस्टिंगच्या मॅडमनी प्रत्येक चाचणीचा व्हिडिओ ठेवलेला. जी चाचणी पास झाली तिचाही. का? तर "पास झाल्याचा पुरावा नको का?" आणि सगळ्यांचा मिळून एकच उपाय: "डिस्क वाढवून घ्या ना!" घेतली. दुप्पट घेतली. तीही भरली, आणि पहिल्यापेक्षा लवकर, कारण आता जागा आहे म्हटल्यावर हात सैल सुटले.

आमच्या जिल्ह्याला हा आजार नवा नाही. पाणी लागलं नाही की बोअर आणखी खोल घ्यायचं, आणि लागलं की ऊस लावायचा. याला अपवाद नगर तालुक्यातच आहे, हिवरे बाजार. हे गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला, तर रब्बीला हात आखडता. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी. म्हणजे गाव हिशेब करतं ते पेरणीच्या आधी. आम्ही करतो तो विहीर आटल्यावर.

आणि बघा, लिनक्सलाही हे कळतं. एक्स्ट-४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं, म्हणजे बाकी सगळ्यांनी डिस्क भरून टाकली तरी साफसफाई करणाऱ्याला आत शिरायला जागा असते. यंत्राला कळलं, आता माणसांचंच राहिलं होतं. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "सर, आपणही ग्रामसभा घेऊ."

घेतली. ऑनलाइन. प्रत्येक टीमचा कोटा ठरला. ग्राहकाकडे गेलेल्या आवृत्त्या कायम ठेवायच्या, हे आमचं पिण्याचं पाणी. बाकी बिल्डपैकी शेवटचे १० ठेवायचे. व्हिडिओ फक्त नापास चाचण्यांचे. नोड-मॉड्यूल्स काम झालं की साफ. ज्येष्ठ सरांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला. शेवटी त्यांच्यासमोरच फोल्डर उघडला, तर आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर, आणि त्याच्या आत झिप. झिपचा पासवर्ड कुणालाच आठवेना. ठराव एकमताने मंजूर झाला.

आठवडाभर डिस्क निम्मी रिकामी होती. मी मधूनमधून उगाच डीएफ चालवून आकडे बघायचो. सोमवारी बघतो तर एका रात्रीत एक नवा फोल्डर आलेला. मॅनेजरसाहेबांनी त्यात आमच्या ग्रामसभेचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं. फुल एचडीमध्ये, तीन प्रती.

विचारलं, तर म्हणाले, "अरे, आता जागा झालीय ना तिथे? आणि ऑडिटला लागेल कधीतरी."