ओहमभाऊ

मेहकरात नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, हे गृहस्थ मोठे भाविक असावेत. गाव शारंगधर बालाजीचं आणि यांच्या तोंडी सारखं ‘ओम’. दूध घेताना ओम, बसस्टँडवर ओम, मयतीच्या बैठकीतही ओम. एकदा देवळाच्या पायरीवर एका आजीनं कौतुकानं विचारलं, “भाऊ, दिवसाले किती ओम होतेत?”

“आजी, पहिले बत्तीस होते. आता तीनशेवर गेलो.”

आजीनं तिथंच हात जोडले.

खरं म्हणजे तो ओम नसून ओहम. हेडफोनमधल्या विजेच्या अडथळ्याचं माप. हे कळल्यापासून गावानं त्यांचं नाव ओहमभाऊ पाडलं.

भाऊंच्या या हेडफोनच्या दुखण्याला वाङ्मयीन कारण आहे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. इथंच त्यांनी वकिली केली, इथंच कविता लिहिल्या. १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, १९३०च्या दशकात तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताला वाट सापडली. भाऊंचं मागणं एवढंच, “शीळ आपल्या गावची हाय, तं आपल्याले बरोब्बर आयकू आली पाह्यजे!”

सुरुवात बसस्टँडवरच्या दीडशे रुपयांच्या वायरवाल्या इअरफोननं झाली. शीळ ऐकू येत होती. पण भाचा पुण्याहून आला नि म्हणाला, “मामा, यात बेस नाही.” तोवर भाऊंना बेसची उणीव भासली नव्हती, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मग बेसवाला हेडफोन आला. त्यात प्रत्येक भावगीतामागून वरात चालल्यासारखी वाटे. मग कान गच्च झाकणारा आला. मे महिन्यात तो घालून बसले की भाऊंच्या कानशिलांवरून पैनगंगा वाहायची. शेवटी मागून जाळी असलेला, उघड्या पाठीचा सेनहायजर एचडी ६०० आला. अडथळा ३०० ओहम.

म्हैस आली की गोठा लागतो. फोनच्या जोरावर ३०० ओहम हलेनात. आवाज विहिरीतून आल्यासारखा. म्हणून अँप्लिफायर आला. अँप्लिफायर चांगला, मग त्याला फोनचा आवाज कसा द्यायचा, म्हणून डॅक आला, फोनमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारा डबा. डॅक आल्यावर गुणगुण सुरू झाली, म्हणून घराचं अर्थिंग नव्यानं झालं, अंगण खणून. लोणारचा दिवा दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीनं इथल्या आपल्या महालावर मजले चढवले, असं आमच्याकडं सांगतात. भाऊंच्या टेबलावरही मजले चढत होते, फक्त दिवा दिसत नव्हता.

शेजारधर्म म्हणून मला ऐकायला बोलावणं यायचं. भाऊ माझ्या डोक्यावर हेडफोन चढवत आणि माझ्या चेहऱ्याकडं टक लावून पाहत. गाणं कडव्यावर आलं की थांबवत. दुसरी वायर जोडत. पुन्हा पहिल्यापासून.

“फरक कळला?”

“कळला.” दुसरं काय म्हणणार? चहा अजून यायचा होता.

“खोक्यावर चाळीस हजार हर्ट्झ लेह्यलं हाय!” माणसाच्या कानाची धाव तरुणपणी वीस हजारांपर्यंत, पन्नाशीत बारा-चौदा हजारांपुढं फारसं हाती लागत नाही. वरचे सगळे हर्ट्झ भाऊंनी गल्लीतल्या कुत्र्यांसाठी विकत घेतले होते. त्यात ती लाखेची जुनी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यात पाच-सहा हजारांपुढं मुख्यतः खरखर. आणि तोंडानं घातलेली शीळ तर साधारण एक ते चार हजारांतच बसते. म्हणजे दीडशेच्या इअरफोननंही तिला अडवलं नव्हतं.

एक दिवस भाऊ डोळे मिटून म्हणाले, “पाहा, वाद्यं डावीकडून, गवई मधात. मैफलच बसवली ना बाप्पा!” तेवढ्यात भाच्यानं पाहिलं, मामांनी हेडफोन उलटा घातला होता. सुलटा करून दिला. भाऊंनी पुन्हा ऐकलं. वाद्यं डावीकडूनच! मला बोलवेना. ती तबकडी मोनो. दोन्ही कानांत अगदी तेच येतं. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ उजाडावं लागलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ‘शीळ’ ऐकू आली. वहिनी पोळ्या लाटत गात होत्या, थेट शेवटच्या कडव्यापर्यंत.

“तुले कुठून येते हे?” भाऊ चकित.

“तुमच्या त्या जाळीतून सारं घरात सांडते. तुम्ही दर बार मधातच बंद करता. मंग बाकीचं मी मैतरणीच्या पुस्तकातून पाठ केलं.”

भाऊ क्षणभर गप्प झाले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “पाह्यलं? उघड्या पाठीचा हाच तं फायदा हाय.”

हेडफोन घ्यायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं. पाठ असलेलं एक गाणं सोबत न्या. अर्धा तास डोक्यावर ठेवून पाहा, कान दुखतात का. नुसत्या फोनवर ऐकायचं असेल, तर बत्तीस ओहमच्या आसपास थांबा. आणि दुकानातच गाणं शेवटपर्यंत ऐका. घरी गेल्यावर ते जमेलच असं नाही.