प्रादेशिक सहकार्य, रात्री अकरानंतर

आमच्या आणि ओढ्यापलीकडच्या नगरपालिकेने मिळून प्रादेशिक विकासासाठी समन्वय समिती नेमली, त्याबद्दल उभय शहरांच्या नागरिकांचे अभिनंदन. सामंजस्य करार झाला, शाल-श्रीफळ झाले, फोटोत दिसावे म्हणून मागच्या रांगेने टाचा उंचावल्या. आता गुंतवणूक येणार, रोजगार येणार. करारात एवढेच लिहायचे राहिले की या दोन पालिकांचे सहकार्य कधीचेच सुरू आहे. कुत्र्यांच्या बाबतीत.

रात्री अकरानंतर आमची गाडी निघते, एसटी स्टँडवरची कुत्री भरते आणि पूल ओलांडून ‘हद्द समाप्त’च्या पाटीपलीकडे अदबीने उतरवते. पहाटे त्यांची गाडी येते आणि मटण मार्केटमागची मंडळी आमच्या दवाखान्यापाशी सोडून जाते. नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच नेऊन सोडा, असे २०२३ चे केंद्राचे नियम सांगतात. आम्ही पहिले दोन खर्च वाचवले, तिसऱ्याचा फक्त पत्ता बदलला.

यातले अर्थकारण समितीने समजून घ्यावे. ठेकेदाराला पैसे कुत्र्यामागे मिळतात. तोच तांबडा, तुटक्या शेपटीचा कुत्रा रात्री आमच्या बिलात पकडला जातो, पहाटे त्यांच्या. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन्हीकडचे डिझेल, एक कुत्रा. नसबंदी होत नसल्याने कच्चा माल संपायची भीती नाही. दर वर्षी नवी पिल्ले उत्पादनात उतरतात. एमआयडीसीच्या भूखंडांवर बाभळी माजल्या, पण हा धंदा मंदीतही बसला नाही. जुनी कुत्री तर आता हाकलावी लागत नाहीत, गाडी दिसली की आपणहून चढतात. तांबड्याचा नाश्ता पलीकडच्या वडापावच्या गाडीवर असतो, रात्रीचे जेवण आमच्या चिकन सेंटरसमोर. दोन्ही शहरांचा रहिवासी दाखला द्यायचा तर त्यालाच द्यावा लागेल. त्याला हद्दीवर कोणी अडवत नाही, ना हरकत दाखला मागत नाही, आणि त्याची फाइल कुठल्याच टेबलावर अडकत नाही.

पाण्याची मात्र अडकते. आमची टाकी ओढ्याच्या या काठाला, त्यांचा टँकरवर जगणारा शेवटचा वॉर्ड त्या काठाला. मध्ये पाइप टाकायचा तर त्यांची पालिका ‘ब’ वर्ग, आमची ‘क’ वर्ग, तेव्हा पत्र आधी कोणी लिहायचे? आणि ही समिती म्हणे अभिनव! ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. पंचायती आणि नगरपालिकांचे सामाईक प्रश्न, त्यांत पाण्याची वाटणीसुद्धा, ध्यानात घेऊन जिल्हा नियोजन समितीने विकास आराखडा करावा, असे तिच्यात स्वच्छ लिहिले आहे. त्या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे. पण लोकप्रतिनिधी होते कुठे? घटना म्हणते पाच वर्षांत निवडणूक घ्या, आणि इथे मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकच सह्या करत बसला. ज्याला आम्ही मत दिले नाही आणि ज्याला घरीही बसवता येत नाही, त्याच्या दारात हंडे घेऊन जायचे! तीस वर्षांहून जुने कर्तव्य करायचे सोडून शाली कसल्या पांघरता? त्या शेवटच्या वॉर्डातल्या बाईच्या दारात टँकर किती वाजता येतो ते आधी सांगा. रात्री दोनला येतो. पुलावर तेव्हा कुत्र्यांची गाडी आडवी असली, तर तीनला.

समन्वय समितीच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय बोधचिन्हाचा आहे. पाणी ‘आयत्या वेळच्या विषयां’त. तोवर पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी अकराच्या आत घर गाठावे. कुत्रा चावलाच तर नेमका कुठल्या हद्दीत चावला ते टिपून ठेवावे. लसीच्या खिडकीवर विचारतात.