तारखेचा पोशाख

खारघरहून पेंधरकडे मेट्रोने जाताना मांडीवर लॅपटॉप होता, म्हणून या मार्गाच्या तारखा ‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. भूमिपूजन ०१/०५/२०११, ऐन महाराष्ट्र दिनी. महिना आधी वाचण्याची अमेरिकी खोड माझ्याकडून तशीच राहिली होती. आरने मुकाट ५ जानेवारी धरली. पहिली गाडी १७/११/२०२३ ची. आता सतरावा महिना आणायचा कुठून? तिथे ‘एनए’ उमटलं, म्हणजे माहिती उपलब्ध नाही. बारा वर्षं फलाटाकडे खालून बघत काढलेल्याला या उत्तराचं नवल वाटत नाही.

तारीख वाचायच्या खुणा बदलल्या, आधी दिवस मग महिना, तशा तारखा सुतासारख्या सरळ झाल्या. खरं तर आत तारीख नसतेच, नुसता आकडा असतो. आर १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतो, सॅस आणि स्टाटा ही तसलीच सॉफ्टवेअरं १९६० पासून. त्यामुळे गाडी सुटली तो दिवस इथे १९६७८, तिथे २३३३१. आपल्या पंचांगात शक नि संवत शेजारी नांदतात, तसंच. वर पोशाख कोणताही चढवा. महिना अक्षरी, वर्ष दोन आकडी. वजाबाकी तिन्हींकडे एकच येते: अकरा किलोमीटरसाठी ४,५८३ दिवस.