घरबसल्या लातूर

ड्रायव्हिंग लायसन आता घरबसल्या नवं करून मिळतं. फक्त कुणाच्या घरी बसल्या, हे सरकारनं कुठं लिहिलेलं नाही. नांदेडात आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींच्या बाबतीत ते ठिकाण लातूरला निघालं.

गुरुजींचं वय एकाहत्तर. हयात गणित शिकवण्यात गेली. गाडीही वर्गावर गेल्यासारखी चालवतात, हॉर्न कमी आणि काच खाली करून "कुठं निघालास रे?" जास्त. लायसनची मुदत जवळ आली तशी त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी गल्लीत अफवा आहे.

मी त्यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं कोष्टक वाचून दाखवलं. तिशीच्या आत लायसन काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, आणि पंचावन्न ओलांडली की दर खेपेला पाचच वर्षं.

"व्यस्त प्रमाण आहे," गुरुजी म्हणाले. "वय वाढलं की मुदत घटते. पुढं?"

पुढं सगळं सोपं होतं. मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं आधारच्या ओळखीवर अठरा सेवा ऑनलाइन केल्या. ज्याला टेस्ट द्यावी लागत नाही असं लायसनचं नूतनीकरणही त्यात आलं. आरटीओची रांग नको, एजंट नको. 'सारथी' पोर्टल उघडायचं, आधार नंबर टाकायचा, की मोबाइलवर ओटीपी हजर. मी नंबर टाकला. आम्ही दोघं गुरुजींच्या मोबाइलकडे बघत बसलो.

"येईना की," मी म्हणालो.

"आला असंल," गुरुजी शांतपणे म्हणाले.

"कुठं?"

"लातूरला."

उलगडा असा झाला. गुरुजींच्या आधारला जोडलेलं जुनं सिम त्यांनी नातवाला दिलं होतं. नातू नीटच्या तयारीसाठी लातूरच्या एका हॉस्टेलवर. तिथं फक्त साधा बटणांचा फोन चालतो आणि तोही एरवी रेक्टरच्या कपाटात. रविवारी तासाभरासाठी हाती मिळतो. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यायचा प्रयत्नही झाला होता. पण खडूनं झिजलेला अंगठा मशीनला पटला नाही. मग डोळ्यांवरून ओळख पटवू म्हणाले, तर डोळ्यांवरही मशीन फारसं खूष झालं नाही. गुरुजींनी तो मशीनचा दोष धरला.

"रविवारी फोन करून ओटीपी विचारू की," मी सुचवलं. विचारलाही. पलीकडून उत्तर आलं, "आबा, ओटीपी फोनवर कुणालाच सांगायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"अरे, मीच बोलायलोय!"

"आवाज काय, आता कुणाचाबी काढता येतो, आबा. तुम्ही इकडंच या."

आपली शिकवण इतक्या तंतोतंत पाळणारा विद्यार्थी गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. त्यांना धड रागावता येईना. काकू मात्र आतून म्हणाल्या, "जावा आता. आयुक्तालय नांदेडला मागायचं आणि ओटीपी लातूरला ठेवायचा!"

काकूंचा टोमणा परजिल्ह्यातल्या वाचकांना कळायचा नाही. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला जाहीर झालं आणि लातूर पेटून उठलं. शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण, शिवाजीराव निलंगेकर, विलासराव देशमुख असे चार मुख्यमंत्री राज्याला देणारे हे दोन शेजारी जिल्हे. एकमेकांना मात्र काहीही देताना दहादा विचार करतात. रेल्वेचाही मामला तसाच. नांदेडहून लातूरला रुळांवरून जायचं तर पूर्णा, परभणी, परळी अशी प्रदक्षिणा घालावी लागते. म्हणून शहाणा माणूस एसटी धरतो.

निघण्याआधी डॉक्टरचं काम उरकून घेतलं. चाळिशी उलटलेल्याला 'फॉर्म वन-ए' लागतो. म्हणजे हा माणूस गाडी चालवायला धड आहे असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. डॉक्टर गुरुजींचा विद्यार्थी निघाला. नांदेडात गुरुजींचा विद्यार्थी नसलेला डॉक्टर शोधणं अवघडच आहे. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? दवाखान्याची गल्ली एवढी लांब नव्हती. डॉक्टरनं दारातून समोरच्या मोटारसायकलीकडे बोट केलं. गुरुजी ताडकन म्हणाले, "एमएच सव्वीस!" पुढचे आकडे विचारण्याची कुणाची छाती? ज्याच्या हातून पाढे चुकल्यावर छड्या खाल्ल्या, त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे काय गंमत आहे! शिक्का बसला. नांदेडच्या गल्लीत उभ्या गाडीवर एमएच सव्वीस असणार हे डोळे मिटूनही सांगता येतं, ही बाब कागदावर कुठं आली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नांदेडच्या स्टँडवरून गाडी सुटली. गुरुजींनी ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा पकडली. कंडक्टर आला.

"अर्धं," गुरुजी रुबाबात म्हणाले.

"आधार दाखवा, काका."

"त्याच्यापायीच चाललोय," गुरुजी पुटपुटले आणि कार्ड काढलं. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला एसटीत अर्धं तिकीट आहे. ही सवलत मिळवायला आपल्याला पासष्ट वर्षं खपावं लागलं आणि बायकोला २०२३ च्या मार्चमध्ये सरकारनं ती वय न विचारता देऊन टाकली, याचं शल्य त्यांनी गोदावरीच्या पुलापर्यंत बोलून दाखवलं.

विष्णुपुरी आली. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची कमान दिसली तसे गुरुजी सावरून बसले, आणि तिथून त्यांनी गाडी ताब्यात घेतली. म्हणजे स्टेअरिंग ड्रायव्हरच्याच हातात होतं, पण ब्रेक गुरुजी मारत होते. पुढं ट्रॅक्टर दिसला की त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जाई. सोनखेडपर्यंत ड्रायव्हरनं सोसलं. लोह्याच्या अलीकडे एक बैल रस्त्यात आला तेव्हा गुरुजींनी असा काही ब्रेक दाबला, की ड्रायव्हरनं आरशातून हात जोडले. "काका, तुमचा पाय दुखंल. हिचा ब्रेक माझ्याकडंच ठिवलाय महामंडळानं."

लोह्याच्या पुढं माळेगाव. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार लागतो. बाजारातला जाणता गिऱ्हाईक मालकाच्या तोंडाकडं बघत नाही, घोड्याचा जबडा उघडून दात बघतो आणि वय सांगतो. आमच्या फॉर्म वन-एपेक्षा ही तपासणी कडक वाटली. तिथं घोडा कुणाचा गुरुजी नसतो.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. चहा पिता पिता गुरुजींनी कायद्यातली आणखी एक अट मला विचारून पक्की केली. मुदत संपण्याच्या आधी वर्षभरापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं, तर मात्र पुन्हा गाडी चालवून दाखवायची टेस्ट. आणि मधल्या काळात लायसन जिवंत नसताना गाडी काढली तर पाच हजारांपर्यंत दंड.

"आधी महिनाभर सवलत होती," मी म्हणालो, "मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालायचं. तीबी काढली."

"बरं केलं," गुरुजी म्हणाले. "सवलत दिली की पोरं शेवटच्या दिवशीच अभ्यास करतात." स्वतःच्या लायसनला आठवडाच उरला होता, हे त्यांनी चहाबरोबर गिळलं.

शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टा मोड मागं पडले आणि लातूर आलं. काकूंनी बोरसुरीची तूरडाळ आणायला सांगितली होती. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिच्याबद्दल काकू माहेरच्या माणसासारखं बोलतात. म्हणून आधी गंजगोलाई. १९१७ च्या सुमारास आखलेला हा बाजार. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. फॉर्म वन-एमध्ये असाही प्रश्न आहे, की हॉर्नसारखे साधे आवाज ऐकू येऊ नयेत इतका बहिरेपणा अर्जदाराला आहे का? तो प्रश्न गोलाईत उभं राहून विचारला तर उत्तर ऐकू येणार नाही. ऑटोवाल्यानं आम्हाला एक पूर्ण फेरी मारली. गुरुजींचा पाय इथंही ब्रेक शोधत होता, पण गोलाईत ब्रेक कुणाच्याच कामाचा नसतो.

ट्यूशन एरियात शिरलो तर भिंतीभिंतीवर सातशे वीसपैकी अमुक मार्क मिळवलेल्या पोरांचे हसरे फोटो. आकडे बघून गुरुजी हरखले. नातू हॉस्टेलच्या दारात उभाच होता. पाया पडला, आणि मग आधी आबांना निरखून घेतलं. प्रत्यक्ष आबाच आहेत अशी खात्री पटल्यावर फोन खिशातून बाहेर काढला.

शेजारीच ऑनलाइन फॉर्मचं सेंटर होतं. खुर्चीतल्या पोरानं मान वर न करता विचारलं, "फॉर्म कुणाचा?"

"माझा," गुरुजी म्हणाले.

"नीटचा का?"

त्या पोराची चूक नव्हती. नीटची कमाल वयाची अट २०२२ मध्येच निघाली आहे, आणि लातूरला माणूस फॉर्म भरायला आला की तो दुसरा कशाचा असणार?

आधार नंबर टाकला. ओटीपी सुटला. फोन वाजला नाही. नातवानं बटणं दाबून पाहिली : मेसेजचा डबा काठोकाठ भरलेला! बिनव्याजी कर्ज, लाखाचं बक्षीस, आजच रिचार्ज करा. शेवटचा मेसेज आत यायचा तर आधीचे काढायला हवेत, आणि प्रत्येक मेसेज काढताना तो फोन विचारी, "नक्की काढू?" ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. आम्ही चौघं त्या इवल्या पडद्यावर वाकलो. नातू काढत होता, गुरुजी "नक्की, नक्की" म्हणत होते आणि सेंटरवाला घड्याळ बघत होता. अखेर टुणकन आवाज झाला. सहा आकडे! गुरुजींनी ते वर्गात हजेरी घेतल्यासारखे खणखणीत वाचले.

पुढची पानं भराभर उघडली. फोटो, सही, पत्ता. मग सेंटरवाला म्हणाला, "मेडिकल द्या, अपलोड करतो." फॉर्म वन-ए नातवाच्या हातातून जायचा होता. होणारा डॉक्टर तो. वाचल्याशिवाय कागद पुढं देईना.

"आबा, पंचवीस मीटरवरची प्लेट दिसते तुम्हाला?"

"डॉक्टरनं लिवलंय ना."

"चला, बघू."

रस्त्यावर आलो. नातवानं एका उभ्या कारपासून पावलं मोजली आणि आबांना तिथं उभं केलं. ऊन लख्ख होतं. गुरुजींनी डोळे बारीक केले, मान तिरपी केली आणि ठणकावून सांगितलं, "एमएच चोवीस!"

"चव्वेचाळीस हाय, आबा. अंबाजोगाईची गाडी."

"लातुरात चोवीसच असणार म्हणून म्हणलो."

"आणि पुढचं?"

गुरुजी गप्प.

"नीटमध्ये अंदाजानं उत्तर लिवलं की मिळायचं तर सोडाच, उलटा एक मार्क कटतो," नातू म्हणाला. "तुम्ही देत होता का हो अंदाजाचे मार्क?"

गुरुजींनी देशभरच्या मोटार वाहन नियमांपुढं मान तुकवली नसती, पण मूल्यमापन पद्धतीपुढं तुकवली. आत येऊन सेंटरवाल्याला म्हणाले, "अर्ज तिथंच थांबव. नंबर तेवढा लिहून दे." परतीच्या गाडीत त्यांनी मधली, खिडकीची जागा घेतली आणि अहमदपूरपर्यंत एकदाही ब्रेक मारला नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनं झाली, नवा चष्मा आला. या वेळचा डॉक्टर मुद्दाम परगावचा, कधीही गुरुजींच्या हाताखालून न गेलेला शोधला. मग अर्ज पुरा झाला, लायसन पोस्टानं घरी आलं. मुदत पाच वर्षं.

वाचकहो, हे सगळं तुम्हाला सांगण्यामागं स्वार्थ आहे, कारण तुम्ही चालवता त्याच रस्त्यावरून मी चालतो. आज खिशातलं लायसन काढून तारीख बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही बघा. आधारला स्वतःच्याच खिशातला मोबाइल नंबर जोडा. आणि डॉक्टरचा शिक्का घेण्याआधी पस्तीसेक पावलं मोजून एखादी प्लेट वाचा, पण गाडी परजिल्ह्यातली निवडा. सगळे आकडे बिनचूक आले तर खुशाल अर्ज करा. नाही आले तर आधी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. तोवर एसटी आहे. पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर तेही नाही.